‘सुचत नाही’ वेगळं, ‘पटत नाही’ वेगळं

रविवारी माझ्याकडे चित्र शिकायला मोठी माणसं येतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी मुलं मोठी झाल्यावर मोकळी झालेली आई, कुणी आयटीतली पोरं. का अडलंय विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही सुचतच नाही.’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या अडचणी कोंबलेल्या असतात, आणि दोन्हींवर सल्ला मात्र एकच दिला जातो: विषयांची यादी घ्या, रोज एक चित्र काढा. पहिल्या अडचणीला हा उपाय लागू पडतो. दुसरीवर तो केला की माणूस आठवड्याभरात वही मिटून ठेवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता स्पष्ट लिहायलाच हवं.

पहिली अडचण, म्हणजे खरोखर न सुचणं, सगळ्यांच्या ओळखीची आहे. डोकं थकलेलं असतं, तेच ते डोंगर आणि झोपड्या काढून कंटाळा आलेला असतो. अशा वेळी भाजी मंडईत चक्कर मारा, एसटी स्टँडवर अर्धा तास बसा, नाहीतर विषय सरळ दुसऱ्याकडून घ्या. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलेलं ‘इंकटोबर’ त्यासाठी उत्तम: ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज शाईने एक चित्र. या अडचणीबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दुसरी अडचण, म्हणजे काढलेलं न पटणं, वरवर पहिलीसारखीच वाटते, कारण दोन्हींत कागद कोराच राहतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटला बसलेल्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आठवत असेल. स्मरणचित्रात जत्रा, पाणवठा असा प्रसंग मनाने उभा करावा लागतो. वस्तुचित्रात वस्तू समोर मांडलेल्याच असतात, सुचायचा प्रश्नच येत नाही. म्हणून मी नव्या माणसापुढे एक कांदा ठेवते आणि म्हणते, काढा. हात चालायला लागला, तर त्याला खरंच सुचत नव्हतं. कांदा समोर असूनही पेन्सिल कागदावर टेकत नसेल, किंवा टेकते आणि लगेच रबर पुढे येतो, तर त्याला काढलेलं पटत नाहीये.

वही उघडली तरी कळतं. न सुचणाऱ्याची वही अर्धी भरलेली असते आणि मध्येच थांबलेली असते. न पटणाऱ्याची वही पहिल्या पानापासून कोरी दिसते, पण स्पायरलच्या तारेत फाडलेल्या पानांचे बारीक तुकडे अडकलेले असतात. एका ताईंच्या वहीत मी ते बोटाने मोजले. अकरा पानं गेली होती, आणि त्या मला मनापासून सांगत होत्या, ‘मला विषयच सुचत नाही हो.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना सुचत होतं, पण सुचलेलं कागदावर यायच्या आधीच मनात नापास होत होतं. मांजर काढावं? पाय नीट यायचे नाहीत. खिडकी? ती सगळेच काढतात. असे दहा विषय मनातच खोडले की आत रिकामं वाटायला लागतं आणि माणूस त्याला ‘सुचत नाही’ म्हणतो. आता त्याच्या हातात ३१ विषयांची यादी दिली, तर खोडायला ३१ विषय मिळाले, एवढंच होतं.

‘मी परफेक्शनिस्ट आहे ना’ हे वाक्य अभिमानाने बोललं जातं, ते मला सहन होत नाही. चोखंदळपणा म्हणजे काय, ते फ्रेंच चित्रकार सेझानकडे बघा. १८९९ साली त्याने आंब्रुआझ व्होलार या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र केलं. व्होलारने लिहून ठेवलंय की त्यासाठी त्याला ११५ वेळा बसावं लागलं. तरीही हातावरचे दोन छोटे ठिपके कोरेच राहिले, आणि सेझानचं समाधान झालं ते फक्त सदऱ्याच्या पुढच्या भागापुरतं. पटत नव्हतं, तरी तो रोज रंग लावत होता. आपल्याकडे पहिली रेषाही न ओढता जे चालतं, त्याला हे नाव देऊ नये. ती भीती आहे, आणि नवशिक्याला ती वाटणं अगदी साहजिक आहे. त्याने आयुष्यभर चांगली चित्रं पाहिलेली असतात, त्यामुळे काय चुकलं हे नजरेला लगेच कळतं. हात मात्र कालच कामाला लागलेला असतो.

म्हणून न पटणाऱ्याला मी विषय देत नाही, साहित्य बदलायला लावते. भेट मिळालेली जाड कागदाची महागडी वही कपाटात जाते, तिच्या प्रत्येक पानाची किंमत मनात असते. त्याऐवजी ऑफिसातले पाठकोरे कागद घ्यायचे. रबर घरीच ठेवायचा. टूएच किंवा एचबी पेन्सिलही नको, कारण कडक शिशाने हलक्या, तुटक, नंतर पुसता येतील अशा रेषा ओढायची सवय लागते. बॉलपेन घ्या, नाहीतर सिक्स बी. बीच्या आधीचा आकडा वाढतो तसं शिशात ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी होते, रेषा मऊ आणि गडद येते, लपत नाही.

मग तोच कांदा वीस वेळा, प्रत्येकी एक मिनिट. पहिले पाच कागदाकडे न बघता: नजर कांद्याच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवायची आणि हात तिच्यामागे न्यायचा. रेषा भलतीकडे जाते, देठ बुडाला येऊन मिळतो. पण डोळे कांद्यात गुंतलेले असतात, त्यामुळे चूक शोधायला ते मोकळेच नसतात. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे, बाकी सगळं सोडलंत तरी ही करा. कागदांवर नंबर घालून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उलटून बघायचे नाहीत.

दोन्ही अडचणी एकाच माणसात असल्या तर आधी न पटण्याचं बघा, विषय नंतर. त्या ताईंनी वीस कांदे पूर्ण केले. चौदाव्यात सुटलेल्या सालीचा पापुद्रा एका रेषेत आला होता, खाली थोडा दुमडलेला, अगदी समोर होता तसा. तो कागद त्यांनी फाडला नाही. पुढच्या रविवारी येताना पिशवीतून लसणाचा गड्डा घेऊन आल्या, ‘आज हा काढू का?’ विचारत.