एनएफटीची मालकी आणि चित्राचा प्रताधिकार

बेळगावच्या शहापूर भागात राहणाऱ्या माझ्या एका चित्रकार मित्राने गेल्या वर्षी, वैशाखातील शिवजयंतीच्या थोडे आधी, राजहंसगडाचे आपले एक चित्र एनएफटी (ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीतील एकमेव नोंद, म्हणजे टोकन) म्हणून मिंट केले आणि आमच्याच ओळखीतील एका तरुणाने ते विकत घेतले. आठवड्याभरात ते चित्र त्या तरुणाच्या मंडळाच्या शंभर टी-शर्टांवर छापून आले. ‘मी पैसे मोजून घेतले आहे, मग छापायला हरकत कसली?’ हा त्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. निपाणीपासून खानापूरपर्यंत हाच प्रश्न मी इतक्या नवख्या लोकांकडून ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

किरकोळ गोंधळ आधी बाजूला करतो. मिंट करणे म्हणजे ब्लॉकचेनवर नवी नोंद निर्माण करणे आणि लिस्ट करणे म्हणजे ती विक्रीस मांडणे. हा फरक पहिल्याच व्यवहारात कळून येतो. वॉलेटचा, म्हणजे टोकने सांभाळणाऱ्या ॲपचा, पासवर्ड आणि वॉलेटचे बारा गुप्त शब्द यांतील फरक मात्र त्यापूर्वीच समजून घ्यावा, कारण पासवर्ड नव्याने ठेवता येतो. ते शब्द गमावले तर वॉलेट परत मिळवून देणारे कार्यालय जगात कोठेही नाही.

खरी गल्लत टोकन आणि चित्र यांच्यात होते. इथेरियम या ब्लॉकचेनवरील एनएफटी बहुधा ईआरसी-७२१ या २०१८ सालच्या मानकानुसार बनतात. अशा टोकनाच्या नोंदीत कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता, टोकनाचा क्रमांक, सध्याच्या धारकाच्या वॉलेटचा पत्ता आणि बहुतेक वेळा चित्राच्या माहितीकडे नेणारा एक दुवा एवढेच असते. खुद्द चित्राची फाइल सहसा ब्लॉकचेनबाहेर, आयपीएफएस या अनेक संगणकांवर पसरलेल्या फाइल-साठ्यावर किंवा एखाद्या साध्या सर्व्हरवर ठेवलेली असते. म्हणजे विक्रीनंतर धारकाचा पत्ता बदलतो, आणि प्रताधिकार, ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो, तो होता तेथेच राहतो.

आपल्या भागात एनएफटीला ‘चित्राचा डिजिटल उतारा’ म्हणून समजावण्याची जी पद्धत पडत चालली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. उताऱ्यावर नाव चढण्यापूर्वी खरेदीखत नोंदवलेले असते, तलाठी कागद पाहतो, हरकतीसाठी मुदत दिली जाते. आणि इतके होऊनही केवळ उताऱ्यावरील नोंदीने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. मिंट करताना तर चित्र कोणाचे आहे, एवढेही ब्लॉकचेन विचारत नाही. ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की, तिच्या मोफत मिंटिंगच्या सोयीतून तयार झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वस्तू चोरलेल्या, बनावट किंवा निरर्थक भरताड होत्या. तेव्हा ‘त्याने मिंट केले, म्हणजे चित्र त्याचेच असणार’ हा तर्कही सोडून द्यावा.

प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे चित्राच्या प्रती काढण्याचा आणि ते छापून वाटण्याचा हक्क मुळात चित्रकाराचा असतो आणि तो त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा असेल, तर कलम १९ नुसार चित्रकाराच्या किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीच्या सहीचा लेख लागतो. कोणते चित्र, कोणते हक्क, किती काळ आणि किती प्रदेशापुरते, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. केवळ छापण्याचा परवाना हवा असेल तरी तोही लेखीच घ्यावा लागतो. टोकन एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये गेल्याने यांपैकी काहीच आपोआप घडत नाही. कॅनव्हासवरील मूळ चित्र विकत घेऊन दिवाणखान्यात लावणाऱ्यालाही त्याच्या प्रती छापण्याचा हक्क मिळत नाही.

त्या तरुणाची समजूत कोठून आली, हे मला नंतर उमगले. आदल्या वर्षी त्याच्या मंडळाने माझ्या मित्राकडून मोबदला देऊन शिवछत्रपतींचे एक चित्र मुद्दाम काढून घेतले होते आणि तेही टी-शर्टांवर छापले होते. तेव्हा ते योग्यच होते, कारण कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. राजहंसगडाचे चित्र मात्र मित्राने स्वतःच्या मनाने काढले होते आणि तरुणाने त्याचे फक्त टोकन घेतले. चित्रकार तोच, पैसे दोन्ही वेळा दिलेले. त्यामुळे त्याला दोन्ही व्यवहार एकच वाटले. याच नियमाची दुसरी बाजू आपल्याकडील चित्रकार विसरतात आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते: ऑर्डर घेऊन काढलेले चित्र, करारात हक्क राखून ठेवलेला नसेल तर, त्यांना परस्पर मिंट करता येत नाही.

काही संग्रह टोकनाबरोबर अधिक हक्क देतात हे खरे आहे. बोअर्ड एप यॉट क्लबच्या टोकनधारकाला आपल्या चित्राचा व्यापारी वापर करण्याचा परवाना मिळतो, आणि नाउन्स या संग्रहाची चित्रे सीसीझिरो या सर्व हक्क सोडून देणाऱ्या घोषणेखाली सर्वांनाच मोकळी आहेत, मग टोकन असो वा नसो. हे हक्क त्यांच्या लिखित अटींतून येतात, टोकनातून नव्हे. म्हणून किंमत पाहण्याआधी अटींचे पान वाचावे, असा माझा आग्रह आहे.

आमच्याकडील प्रकरण सुदैवाने सलोख्याने मिटले. दोघांनी समोरासमोर बसून एका पानावर चित्राचे वर्णन, टी-शर्टांची संख्या, बेळगाव जिल्ह्यापुरता वापर, एका वर्षाची मुदत आणि मोबदल्याची रक्कम लिहिली आणि खाली सह्या केल्या. टोकन आजही त्या तरुणाच्या वॉलेटमध्ये आहे आणि त्याच्या वर्णनात माझ्या मित्राने आता ‘छपाईचे हक्क चित्रकाराकडे’ हे वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये घातले आहे.