घरी बांधलेल्या किट विमानात इलेक्ट्रिक ट्रिम बसवायचीय? ड्रिल हातात घ्यायच्या आधी हे कागद बघा

ट्रिम म्हणजे स्टिकवर सतत जोर न देता विमानाचं नाक हवं तसं धरून ठेवणारी सोय, ती एलिव्हेटरवरची (शेपटीच्या हलत्या भागावरची) छोटी फळी, म्हणजे टॅब, हलवते. जुनी केबलवाली ट्रिम काढून इलेक्ट्रिक ट्रिम बसवणं हे हाताने करायला गेलं तर दोनतीन रविवारचं काम आहे. कागदाला मात्र महिने जातात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं, की लोक आधी सर्व्हो, म्हणजे टॅब हलवणारी छोटी मोटर, बसवतात आणि मग परवानगी मागायला जातात. पुण्यातल्या ज्या लोकांच्या फायली परत आलेल्या मी बघितल्यात त्यात विमानाचं काम वाईट होतं असं एकदाही वाटलं नाही, काम उत्तम होतं, फक्त ते सगळं उलट्या क्रमाने झालेलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कोणासाठी आहे ते. तुमचं विमान व्हीटी नोंदणीचं, म्हणजे भारतात नोंदलेलं, पाहिजे आणि त्याचा उडण्याचा कागद, म्हणजे एअरवर्दिनेस सर्टिफिकेट किंवा परमिट, चालू पाहिजे. विमान अजून हँगरमध्ये बांधून होतंय आणि नोंदणीच झाली नाही तर वेगळी परवानगी मागू नका, ट्रिमची ड्रॉइंग बांधणीच्या मूळ कागदातच घाला, त्यासारखं सोपं काही नाही. आणि फ्लाइंग स्कूलची सेसना वगैरे टाइप सर्टिफाइड, म्हणजे कारखान्यातून मंजूर डिझाइनची, विमानं असतील तर त्यांचा रस्ता पूर्ण वेगळा आहे, तिथे त्या मॉडेलसाठी मंजूर झालेला एसटीसी, म्हणजे डिझाइनमधल्या बदलाचं वेगळं सर्टिफिकेट, लागतो, इथलं वाचून तिकडे काही करू नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. इलेक्ट्रिक ट्रिमबद्दल जी माहिती वाचायला मिळते ती बहुतेक सगळी अमेरिकेतली आहे. तिथे एक्सपेरिमेंटल, म्हणजे स्वतः बांधलेल्या वगैरे, विमानाचा जो मुख्य बांधणारा असतो त्याला त्या एका विमानापुरतं रिपेअरमन सर्टिफिकेट मिळू शकतं, तो स्वतः बदल करतो, लॉगबुकात लिहितो, मोठा बदल असेल तर एफएएला (तिथल्या विमान नियामकाला) कळवून पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जातो आणि साधारण किमान ५ तास उडवून परत बाहेर येतो. हे वाचून आपले लोक समजतात की मी बांधलंय म्हणजे मीच सही करणार. नाही हो. विमान ज्या देशात नोंदलेलं त्या देशाचा कायदा. आपल्याकडे १९३७ चे एअरक्राफ्ट रूल्स आहेत, त्यातला नियम ५२ स्पष्ट सांगतो की विमानात बदल केला, आणि त्यात उपकरण किंवा त्याची बसवणूक बदलणं पण आलं, तर अधिकार असलेल्या किंवा लायसन्सधारक माणसाने ते सर्टिफाय केलं पाहिजे. नियम ५५ त्याच्याही पुढचा आहे, नियमाबाहेर बदल केला तर सर्टिफिकेट निलंबित झालं असं धरलं जातं, त्यासाठी कोणी नोटीस पाठवायची पण गरज नाही. म्हणजे तुम्ही मस्त ट्रिम बसवून रविवारी एक चक्कर मारून आलात तर ती चक्कर वैध कागदाशिवाय झाली. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झालाय, म्हणून काहीजण म्हणतात जुने नियम गेले, तर तसं नाहीये, बदलला तो १९३४ चा कायदा, त्याखालचे नियम बदलेपर्यंत चालूच असतात. गाडीला सीएनजी किट बसवून आरसीवर चढवलं नाही तर काय होतं ते माहितीये ना, तसंच समजा, फक्त इथे रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही.

क्रम असा. पहिलं काम म्हणजे पत्र. पुणे डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान नियामकाच्या, मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतं, तिथे लेखी विचारा की अमुक व्हीटी नंबरच्या विमानात मॅन्युअल एलिव्हेटर ट्रिमऐवजी इलेक्ट्रिक ट्रिम बसवायची आहे, ड्रॉइंग सोबत आहे, हा बदल कोणत्या वर्गात धरणार आणि कोणते कागद लागतील. फोनवर मिळालेल्या उत्तरावर कधीही काम सुरू करू नका, फोनवर बोलणारा माणूस बदली होऊन जातो आणि तुमच्याकडे काहीच उरत नाही. उत्तर लेखी येईपर्यंत सर्व्होची ऑर्डर पण देऊ नका, आणि ते का हे पुढे कळेल.

ऑनलाइन अर्जाचं काम डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर, लॉगिन, फी, अपलोड, त्यात समजावण्यासारखं काही नाही. फक्त विमान क्लबच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर अर्जदार पण तेच पाहिजेत, आणि सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र जोडायचं. विमान मीच वापरतो म्हणून मीच अर्ज केला हे चालत नाही. आणि पोर्टल रोज उघडून बघायची सवय लावा, शंका तिथे येऊन पडलेली असते आणि आपण इथे फोनची वाट बघत बसतो.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. विमानाच्या सुट्या भागाबरोबर रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे भाग विमानात बसवायला योग्य असल्याचा दाखला, मागतात, जसं अमेरिकेतून आलेल्या भागाला एफएएचा फॉर्म ८१३०-३, युरोपातल्याला ईएएसए (युरोपचा नियामक) फॉर्म १, आपल्याकडे सीए फॉर्म १. किट विमानात सगळीकडे जे सर्व्हो बसवतात, रे ॲलनचे वगैरे, ते एक्सपेरिमेंटल विमानांसाठी बनवलेले आहेत, त्याच्यासोबत हा फॉर्म येतच नाही. तो हरवलेला नसतो, तो नसतोच. लोक कंपनीला मेलवर मेल करतात, विकणाऱ्याशी भांडतात, त्याचा काही उपयोग नाही. चेकलिस्टवर मात्र ती ओळ असते आणि समोरचा माणूस ती ओळ सोडायला तयार नसतो, इथे मला खरंच वैताग येतो कारण जो कागद जगात अस्तित्वातच नाही तो आणायला माणसाला परत परत पाठवण्यात कोणाची सुरक्षितता वाढते? म्हणून पहिल्याच पत्रात हा प्रश्न सरळ लिहा, की हा भाग टाइप सर्टिफाइड नाही, रिलीज फॉर्म येत नाही, त्याऐवजी उत्पादकाचं कन्फॉर्मिटी पत्र (भाग ठरलेल्या डिझाइनप्रमाणे आहे असं), मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं इनव्हॉइस, तांत्रिक माहितीपत्रक आणि किट कंपनीचं पत्र चालेल का. यातलं किट कंपनीचं पत्र सगळ्यात वजनदार. तुमच्या किटसाठी इलेक्ट्रिक ट्रिम कंपनीचाच ऑप्शन असेल, आणि बऱ्याच किटना तो असतो, तर त्यांच्याकडून विमानाचा किट नंबर लिहून, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन लिहून पत्र घ्या की हे ड्रॉइंग या विमानाला लागू आहे. नुसता माहितीपत्रकाचा प्रिंटआउट जोडला की फाइल परत येणार हे धरून चाला.

दुसरी पुण्याची खास अडचण. प्रत्येकाचा कोणीतरी भाचा नाहीतर चुलतभाऊ अमेरिकेत असतो, आणि सर्व्हो तो दिवाळीला येताना बॅगेतून घेऊन येतो. वस्तू मिळते पण कागद मिळत नाही. इनव्हॉइस भाच्याच्या नावावर, बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद) नाही, भाग देशात कसा आला याचा मागच नाही, आणि मग एवढासा सर्व्हो अख्खी फाइल अडवून बसतो. कुरियरनेच मागवा, केवायसी करा, ड्यूटी भरा. इनव्हॉइसवर विमानमालकाचं नाव आणि पूर्ण मॉडेल नंबर पाहिजे, नुसतं सर्व्हो मोटर असं लिहिलेलं नको. सिरियल नंबर आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बसवल्यावर तो एलिव्हेटरच्या आत जातो आणि मग तपासणीच्या वेळी पॅनल उघडावं लागतं.

बाकीच्या सामानाला पण हेच लागू. तापकीर गल्लीत वायर, स्विच, कनेक्टर सगळं मिळतं, पण विमानात लागणारी टेफझेल इन्शुलेशनची वायर आणि तिचा बॅचचा कागद तिथे मिळणार नाही, घरगुती पीव्हीसी वायर जळली की जो धूर होतो तो छोट्या कॉकपिटमध्ये नको. ब्रॅकेट भोसरीत एखाद्या वर्कशॉपमधून करून घेणार असाल तर ॲल्युमिनियमच्या शीटचं मटेरियल सर्टिफिकेट आधी हातात घ्या, ग्रेड २०२४-टी३ की ६०६१-टी६ हे ड्रॉइंगवर जे आहे तेच. कारागीर म्हणतो साहेब हे पण मजबूतच आहे, असेलही, पण त्याच्या सांगण्याला फाइलमध्ये जागा नाही.

अर्जासोबत जे जोडायचं त्यात वायरिंग डायग्राम, इलेक्ट्रिकल लोडचा हिशोब, वजन आणि बॅलन्सचा हिशोब, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी आणि चाचणीचा आराखडा एवढं येतं. लोडचा हिशोब सोपा आहे, रोटॅक्स ९१२ इंजिनाचा जनरेटर साधारण २५० वॉटचा आणि सर्व्हो त्यातलं अगदी किरकोळ घेतो. पण वजनाच्या कागदावर लोक जे लिहितात, की सर्व्हो शंभर सव्वाशे ग्रॅमचा म्हणून फरक नगण्य, तिथेच शंका निघते, आणि माझ्या मते बरोबर निघते. ते शंभर ग्रॅम शेपटीत आहेत, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीपासून कितीतरी मीटर मागे, आणि सर्व्हो एलिव्हेटरच्या आत बसत असेल तर ते हिंजच्या मागे वाढलेलं वजन आहे, म्हणजे एलिव्हेटरचा मास बॅलन्स (हिंजभोवतीचा वजनाचा तोल) बदलला आणि फ्लटरचा, म्हणजे वेगात एलिव्हेटर धोकादायक थरथरण्याचा, प्रश्न आला. टॅबच्या रॉडमध्ये ढिलाई असेल तर तोच प्रश्न आणखी वाढतो. तेव्हा नगण्य हा शब्द वापरू नका. आकडे लिहा, आधीचं, नंतरचं, किट कंपनीची मर्यादा, आणि टॅबची ढिलाई मोजून किती आली ते.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी बघतातच. एक, ट्रिमला स्वतःचा वेगळा ब्रेकर, साधारण एक अँपिअरचा, आणि तो पायलटच्या हाताशी, उडताना ओढून काढता येईल असा. स्विच चिकटला आणि ट्रिम एका टोकाला पळत सुटली तर तेवढाच मार्ग असतो. दुसरं, दिशा. रे ॲलनच्या सर्व्होला पाच वायर असतात, दोन पांढऱ्या मोटरच्या आणि नारिंगी, हिरवी, निळी या जागा दाखवणाऱ्या सेन्सरच्या. म्हणजे मोटर आणि डॅशवरचा इंडिकेटर यांचा एकमेकांशी वायरिंगचा संबंधच नाही, पांढऱ्या वायर उलट लागल्या तर टॅब उलट जाणार आणि सेन्सरच्या वायरही उलट लागल्या असतील तर इंडिकेटर छान बरोबर दाखवणार. त्यामुळे इंडिकेटर बघून तपासलं याला काही अर्थ नाही. एक माणूस आत, एक शेपटीशी, आतला म्हणतो नोज डाउन (नाक खाली) आणि शेपटीचा डोळ्याने बघून मोठ्याने सांगतो टॅबची मागची कड वर गेली. नोज डाउनला टॅब वर, नोज अपला टॅब खाली, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं कारण टॅब एलिव्हेटरला विरुद्ध बाजूला ढकलते. हीच तपासणी दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे परत करायची, कंट्रोल सिस्टिमला हात लागला की डुप्लिकेट इन्स्पेक्शन आलंच, आणि दोन सह्या दोन वेगळ्या माणसांच्या पाहिजेत. पहिल्याने केलं ते बघून दुसऱ्याने सही केली असं करू नका रे बाबांनो, ती सही तुमच्याच जिवासाठी आहे.

सही करणारा एएमई, म्हणजे लायसन्सधारक विमान देखभाल इंजिनिअर, आधी शोधून ठेवा. पिस्टन विमानाचं बी१.२ लायसन्स असलेला, आणि ज्याच्या लायसन्सखाली किंवा अधिकाराखाली तुमचं विमान खरंच बसतं असा. पुण्यात एअरलाइनचे एएमई ओळखीचे खूप निघतात पण बोइंगचं लायसन्स इथे कामाचं नाही, आणि काम पूर्ण झाल्यावर बोलावून फक्त सही द्या म्हटलं तर चांगला माणूस देणार नाही, त्याने देऊ पण नये. स्किन, म्हणजे बाहेरचं आवरण, बंद करायच्या आधी त्याला बोलवा.

तारखांचा घोळ पण समजून घ्या. मंजुरीच्या पत्राची तारीख आणि विमानाच्या उडण्याच्या कागदाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदलाचं काम चालू आहे म्हणून परमिटची किंवा रिव्ह्यू सर्टिफिकेटची मुदत थांबत नाही, विमान जॅकवर असलं तरी ती संपतेच, आणि मग ट्रिमची मंजुरी हातात असून उडता येत नाही. मुदत जवळ आलेली असेल तर आधी ते रिन्यू करा आणि मग ट्रिम काढा. तसंच मंजुरी मिळाली म्हणजे नेहमीसारखं उडायची परवानगी मिळाली असं नसतं, पत्रात चाचणी उड्डाणाची अट असेल तर ती पूर्ण होऊन रिपोर्ट जाईपर्यंत शेजारच्या सीटवर कोणाला बसवू नका, घरच्यांनाही नाही.

चाचणी कुठे करणार हे पण आराखड्यात लिहावं लागतं. लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथे मनात आलं आणि सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारलं असं होत नाही. बारामतीत शिकाऊ पायलटांची गर्दी असते, त्यांच्या वेळा आधी विचारून घ्या. पहिल्या उड्डाणात उंची घेऊन, कमी वेगात, ट्रिम थोडी थोडी करत दोन्ही टोकांना नेऊन बघायचं की नुसत्या हाताने स्टिक धरून विमान सांभाळता येतंय का, मग वेग वाढवत जायचं. किती जोर लागला हे उतरल्या उतरल्या लिहा, कारण रिपोर्टमध्ये समाधानकारक एवढा एकच शब्द लिहिला की तो परत येतो.

सगळं झालं की लॉगबुकात मंजुरीच्या पत्राचा नंबर, ड्रॉइंगचं रिव्हिजन, सर्व्होचा सिरियल नंबर आणि नवीन एम्प्टी वेट (रिकाम्या विमानाचं वजन) हे एकाच नोंदीत यायला हवं. मॅन्युअलची पुरवणी विमानात ठेवा, घरच्या फायलीत नाही. आणि विमा कंपनीला बदलाची माहिती मेलवर द्या आणि पॉलिसीवर एंडोर्समेंट मागून घ्या, हे जवळजवळ सगळेच विसरतात आणि क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो.