मॉरिशस : प्राकृतिक भूवर्णन व हवामान

नैर्ऋत्य हिंदी महासागरातील एक द्वीपप्रजासत्ताक. मुख्य बेट सुमारे २०° द. अक्षांशावर, मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. अंतरावर आहे. प्रजासत्ताकाचे भूक्षेत्र सु. २,०४० चौ. किमी. असून त्यांपैकी १,८६५ चौ. किमी. एकट्या मुख्य बेटाचे आहे. नैर्ऋत्येचे रेयून्यों (फ्रान्स) आणि पूर्वेचे रॉड्रिग्ज यांच्यासह ते मास्करीन द्वीपसमूहात मोडते.

उत्पत्ती : बेट ज्वालामुखीजन्य आहे, याबद्दल मतभेद नाही. मात्र तेथील लाव्ह्याचे मूळ कोणते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूविज्ञानाशीही जोडलेला आहे. बहुमान्य मतानुसार आज रेयून्योंखाली असलेला तप्तबिंदू (पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य सतत वर येण्याचे ठिकाण) सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्टाखाली (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याखाली) होता. दख्खनच्या पठाराचे, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे, लाव्हाथर त्यातूनच आले. भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच्या मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस आणि मास्करीन पठार अशी बुडालेल्या ज्वालामुखींची रांग राहिली. १९८७ मध्ये या रांगेवर सागरतळ छिद्रण झाले. त्यात मिळालेल्या बेसाल्टचे वय मालदीवजवळ सु. ५.७ कोटी, चागोसजवळ सु. ४.९ कोटी, तर मास्करीन पठारावरील एका ठिकाणी सु. ३.३ कोटी वर्षे भरले. दक्षिणेकडे वय उतरत जाणे हा या मताचा सर्वांत भक्कम आधार होय. काही भूवैज्ञानिक दख्खनच्या उद्रेकाला भूपट्ट ताणला गेल्याचे कारण देतात. तथापि वयांचा हा उतरता क्रम त्या मताने तितका सहज उलगडत नाही.

दुसरा वाद अलीकडचा आहे. २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे वयाचे झिर्कॉन या टिकाऊ खनिजाचे सूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. बेटावरील सर्वांत जुना खडक जेमतेम ९० लाख वर्षांचा असताना एवढे प्राचीन कण कोठून आले? लाव्हा वर येताना खाली दडलेल्या खंडीय कवचाचे कण त्याने सोबत आणले, असा अर्थ लावून त्या लुप्त भूखंडाला ‘मॉरिशिया’ हे नाव दिले गेले. वाळू वाऱ्याने किंवा जहाजांतूनही येऊ शकते, हा आक्षेप रास्त होता. २०१७ मध्ये बेटावरील ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकातूनच सु. ३०० कोटी वर्षांपर्यंतचे झिर्कॉन मिळाल्यावर तो बराच दुबळा झाला. बेटाखाली प्राचीन कवचाचा तुकडा असणे त्यामुळे संभाव्य वाटते. पण मूठभर कणांवरून त्याचा विस्तार ठरवणे आणि त्याला सरसकट ‘खंड’ म्हणणे घाईचे होईल.

भूरचना : बेटाची बांधणी तीन टप्प्यांत झाली. सु. ९० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या पहिल्या टप्प्यात मूळ ढालसदृश ज्वालामुखी उभा राहिला. पोर्ट लुईची डोंगररांग, आग्नेयेकडील बांबू डोंगर आणि नैर्ऋत्येचा ब्लॅक रिव्हर–सावान भाग हे त्याचेच झिजून उरलेले अवशेष आहेत. मध्यभागाकडे त्यांचे तुटलेले कडे, तर समुद्राकडे मंद उतार आहेत. डोंगरांचे हे कंकण प्रचंड महाकुंडाची (ज्वालामुखी खचून झालेल्या विस्तीर्ण खळग्याची) कड असावी, हे मत जुने आहे. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून आलेल्या चार्ल्स डार्विननेही या कंकणाच्या उत्पत्तीचा ऊहापोह केला आहे. ज्वालामुखी स्वतःच्या भाराने कडेला पसरत गेला आणि मधला भाग खचला, हे अलीकडचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. नंतरच्या दोन टप्प्यांतील लाव्ह्याने हा खोलगट भाग भरून ३०० ते ६०० मी. उंचीचे मध्यवर्ती पठार बनले. बेट तप्तबिंदूपासून दूर गेल्यावरही उद्रेक का होत राहिले, याचे कारण वादग्रस्त आहे. अखेरचा लाव्हा काही दशसहस्र वर्षांपूर्वी वाहिला असावा. क्यूरपीप येथील त्रू-ओ-सेर्फ हे विवर याच अखेरच्या टप्प्यातील.

ब्लॅक रिव्हर शिखर (८२८ मी.) सर्वोच्च आहे. माथ्यावर सुटा गोल धोंडा तोललेले पीटर बोथ (८२० मी.) उंचीने दुसरे असले, तरी लक्ष तेच वेधून घेते. तरुण लाव्हा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी झटकन मुरते. त्यामुळे भूजलाचा साठा चांगला आहे. नद्या मात्र आखूड आहेत. अशा जमिनीत ऊस लावायचा, तर आधी दगड वेचावा लागतो. उसाच्या फडांत अजूनही काळ्या धोंड्यांचे बांध आणि मनोऱ्यासारखे ढीग उभे दिसतात. ते या मातीतून हातांनी उपसलेले आहेत. किनाऱ्याभोवती प्रवाळभित्ती व तिच्या आत खारकच्छ (उथळ, शांत समुद्रपाणी) आहे. दक्षिणेस सुईयाकजवळ भित्ती तुटलेली असल्याने लाटा थेट बेसाल्टच्या कड्यावर आदळतात.

हवामान : उष्ण कटिबंधीय सागरी. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा; सरासरी तापमान अनुक्रमे २४.७° से. व २०.४° से. १९७१–२००० या काळात वार्षिक पर्जन्याची सरासरी सु. २,०१० मिमी. होती, त्यातील दोन-तृतीयांश पाऊस उन्हाळ्यातला. आग्नेय व्यापारी वारे वर्षभर वाहतात. ते पठारावर चढताना पाऊस पाडतात. त्यामुळे पठारावर सु. ४,००० मिमी., पूर्व किनाऱ्यावर सु. १,५०० मिमी., तर पर्जन्यछायेतील पश्चिम किनाऱ्यावर ९०० मिमी.च्या आसपास पाऊस होतो. आपल्या घाटमाथ्याचा आणि देशाचाच हा नियम, फक्त दिशा उलट.

ऋतू उलटे असल्याने सणांचे हवामानही बदलते. महाशिवरात्र ऐन पावसाळी दिवसांत येते. कावडी घेऊन गंगा तलावाकडे पायी निघालेले भाविक सु. ५५० मी. उंचीवरच्या त्या विवर-सरोवराजवळ बहुधा धुक्यात, भिजतच पोहोचतात. उलट कोकणातून गेलेल्या पूर्वजांच्या मराठी वंशजांचा गणेशोत्सव कोरड्या दिवसांत पडतो. वर्षातला सर्वांत कोरडा महिना ऑक्टोबर त्याच्या पाठोपाठच येतो.

चक्रीवादळांचा काळ मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल. फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरल’ने ताशी २५६ किमी., तर फेब्रुवारी १९७५ मधील ‘जर्वेझ’ने ताशी २८० किमी. वेगाचे झोत नोंदवले. ‘कॅरल’नंतर लाकूड-पत्र्याच्या घरांची जागा काँक्रीटच्या सपाट छतांनी घेतली, आजच्या वस्त्यांचे रूप त्यातूनच घडले. वादळाविनाही धोका असतो. डोंगरांच्या कुशीत वसलेल्या पोर्ट लुईत ३० मार्च २०१३ रोजी काही तासांच्या पावसाने पूर येऊन ११ जण दगावले.

इतर बेटे : रॉड्रिग्ज (सु. १०८ चौ. किमी.) मुख्य बेटापासून सु. ५६० किमी. पूर्वेस, वरील ज्वालामुखी रांगेबाहेर आहे. त्याचे खारकच्छ बेटाहून मोठे असून तेथे पाणीटंचाई नेहमीची. उत्तरेकडील अगालेगा ही दोन सखल, नारळीची बेटे. सेंट ब्रँडन म्हणजे प्रवाळी वाळूची बेटुकली. तेथे कायम वस्ती नाही, मासेमार ये-जा करतात. तेथील हवामान केंद्राच्या नोंदी ईशान्येकडून येणाऱ्या वादळांचा अंदाज बांधताना उपयोगी पडतात.