मायची चाल डुलती का झाली?

आमच्या धुळ्याकडच्या घरी संध्याकाळी ओट्यावर बसलं की गल्लीतून कोण येतंय ते चपलेच्या आवाजावरूनच कळतं. माय येत असेल तर फट… फट-फट, फट… फट-फट. डावा पाय टेकला रे टेकला की उजवा घाईघाईने पुढे येतो, कारण दुखणाऱ्या पायावर जितका कमी वेळ उभं राहता येईल तितकं बरं. विचारलं तर एकच उत्तर, "मना गुडघा भलता दुखस."

तीस-पस्तीस वर्षं कपाशीत वेचणी आणि उकिडवं बसून निंदणी, गुडघा कुरकुरणारच. शेजारचे म्हणतात ग्रीस संपलं. खरं तर ग्रीसबिस काही नसतं संपलेलं, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, आणि गंमत अशी की कूर्चेला स्वतःला नसाच नसतात, म्हणजे दुखतं ते आजूबाजूचं, खालचं हाड, सुजलेलं आतलं अस्तर वगैरे.

आता चालीचं बघा. चालताना आपण दर पावलाला क्षणभर एकाच पायावर असतो आणि तेव्हा शरीराचं वजन त्या गुडघ्याच्या बरोबर वर नसतं, आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे पडतं. त्यामुळे चांगल्या गुडघ्यातसुद्धा 60 ते 70 टक्के भार आतल्या अर्ध्या भागावर येतो. म्हणून बऱ्याच जणांची झीज आतून सुरू होते, मग पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, वाकला की आतला भार अजून वाढतो, असं ते चक्रच आहे.

मायचं शरीर याच्यावर एक जुगाड करतं. डावा पाय टेकला की ती अख्खी डावीकडे कलते. लोकांना वाटतं लंगडते, पण कलल्यामुळे वजन गुडघ्याच्या जवळ येतं आणि आतला भार खरंच कमी होतो. काही जण पंजा बाहेर वळवून चालतात, त्याचाही उपयोग होतो. कुणी शिकवलं नाही हे, आपोआप जमतं.

फुकट मात्र काहीच नाही. पाऊल आखूड होतं, चाल मंदावते, दम लवकर लागतो. गुडघ्यात सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही, स्नायू बारीक होतो, आणि नेहमी पाय टेकताना गुडघा थोडा वाकून धक्का झेलतो ना, ते बंद होऊन पाय काठीसारखा ताठ टेकतो. म्हणूनच डॉक्टर मांडीचे व्यायाम करा म्हणून मागे लागतात, आणि माय दोन दिवस करून सोडते.

वजनाचा हिशोबही भारी आहे भो. जाड माणसांवर झालेल्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला साधारण चार किलोने कमी झालेला दिसला, आणि आपण दिवसात पावलं किती टाकतो!

काठीचं तर विचारूच नका. डावा गुडघा दुखतो म्हणून मायने काठी डाव्या हातात धरली होती, गल्लीतले सगळेच तसं धरतात. धरायची उजव्या हातात. डाव्या पायावर उभं असताना शरीर उजवीकडे झुकू बघतं, तिथे काठी टेकू देते, मग तितकं कलावंही लागत नाही. हे तिला पटवायला मला आठवडा गेला. आता उजव्या हातात धरते, पण दळण आणायचं असलं की काठी परत डावीकडे, कारण डबा उजव्या हातातच लागतो.