जनगणनेत आपल्या कामाची नोंद कशी होते : पात्रता, कागदपत्रे आणि उत्तर देण्याची पद्धत

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या तारखेची लोकसंख्या धरली जाते ती, 1 मार्च 2027 असल्याची अधिसूचना केंद्र सरकारने जून 2025 मध्ये काढली. लडाख आणि काही बर्फाच्छादित भागांसाठी ही तारीख 1 ऑक्टोबर 2026 आहे. जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचा असून त्यात घराचे बांधकाम, पाणी, वीज अशा सोयींची नोंद होते. घरातील माणसे कोणते काम करतात, हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष लोकसंख्या गणनेत येतो. या लेखातील वर्गवारी आणि व्याख्या 2011 च्या जनगणनेतील आहेत. नव्या प्रपत्रातील प्रश्न त्या प्रश्नांच्या अधिसूचनेत पाहून घ्यावेत.

यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही आणि पात्रतेची अटही नाही. देशात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची गणना होते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, नियुक्तिपत्र किंवा दुकानाचा परवाना यांपैकी एकही कागद दाखवावा लागत नाही; जे सांगितले जाते तेच लिहून घेतले जाते. जनगणना अधिनियम, 1948 च्या कलम 8 नुसार विचारलेल्या प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे बंधनकारक आहे, तर कलम 15 नुसार ही नोंद कोणालाही पाहता येत नाही आणि पुरावा म्हणून न्यायालयातही वापरता येत नाही. त्यामुळे कराच्या किंवा रेशनच्या धास्तीने काम लपवण्याचे काहीच कारण नाही.

पहिला प्रश्न असतो तो गेल्या वर्षभरात काही काम केले का, हा. ज्याने वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम केले तो मुख्य काम करणारा, आणि ज्याने त्याहून कमी काळ काम केले तो सीमांतिक काम करणारा मानला जातो. 2011 मध्ये सीमांतिक गटाचे, तीन महिन्यांपेक्षा कमी आणि तीन ते सहा महिने, असे दोन भाग करण्यात आले होते. मोबदला मिळालाच पाहिजे अशी अट कामाच्या व्याख्येत नाही, आणि नेमके हेच घरोघरी विसरले जाते. घरच्या शेतात खुरपणी करणारी, कापूस वेचणारी किंवा नवऱ्याच्या किराणा दुकानात रोज दुपारी गल्ल्यावर बसणारी स्त्री एक रुपयाही न घेता काम करत असली, तरी ती काम करणारी व्यक्तीच आहे. घरच्या वापरापुरते दूध काढण्यासाठी म्हैस सांभाळणे हेही काम धरले जाते. स्वयंपाक, धुणीभांडी आणि मुलांचे संगोपन मात्र या व्याख्येत येत नाही. हे श्रम बाहेर ठेवणे मला अन्याय्य वाटते. पण म्हणूनच जे व्याख्येत बसते ते तरी सुटता कामा नये. कुटुंबप्रमुखाने सवयीने ‘ती घरीच असते’ असे सांगितले, की त्या स्त्रीचे वर्षभराचे शेतकाम नोंदीतून पुसले जाते. शक्य असेल तर तिचे उत्तर तिनेच द्यावे.

काम केल्याची नोंद झाली की शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार अशा चार गटांपैकी एक ठरतो. एकाहून अधिक कामे असतील, तर ज्यात जास्त काळ गेला ते काम धरतात. स्वतःच्या किंवा खंडाने, वाट्याने घेतलेल्या जमिनीत जो पीक घेतो, किंवा तेथील कामावर प्रत्यक्ष देखरेख ठेवतो, तो शेतकरी होय. जमीन दुसऱ्याला कसायला देऊन शहरात राहणारा मालक शेतकरी ठरत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत मजुरी, धान्य किंवा पिकातील हिस्सा घेऊन राबणारा, पण शेतीतील नफ्यातोट्याची जोखीम न उचलणारा, तो शेतमजूर. कोकणातील आणि गोव्यातील वाचकांनी एक बारकावा लक्षात ठेवावा : आंब्याची बाग पिकवणारा शेतकरी ठरतो, परंतु नारळ, सुपारी, चहा, कॉफी आणि रबर ही लागवड या व्याख्येत येत नसल्याने तिच्यावर काम करणारे इतर कामगारांत जातात. म्हणून ‘बागायत’ एवढेच न सांगता पिकाचे नाव सांगावे.

देशातील शेतीचे बदलते चित्र याच वर्गवारीतून कळते. 2001 मध्ये देशात सुमारे 12.7 कोटी शेतकरी आणि 10.7 कोटी शेतमजूर होते. 2011 मध्ये शेतकरी 11.9 कोटींवर आले आणि शेतमजूर 14.4 कोटींवर गेले.

घरगुती उद्योग म्हणजे कुटुंबातील माणसांनी मुख्यत्वे स्वतः चालवलेले उत्पादन, प्रक्रिया किंवा दुरुस्तीचे काम. खेड्यात ते गावाच्या हद्दीत कुठेही चालते, शहरात मात्र राहत्या घराच्या आवारातच असावे लागते. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया या गटात येतात. वकील, डॉक्टर किंवा ज्योतिषी घरातूनच व्यवसाय करत असले, तरी ते या गटात धरले जात नाहीत.

सर्वाधिक गफलत होते ती कामाचे वर्णन सांगताना. उत्तराला पुढे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणानुसार सांकेतिक क्रमांक दिला जातो, आणि तो देणाऱ्यासमोर आपण नसतो, केवळ आपले शब्द असतात. ‘बांधकामावर आहे’ या उत्तराचा माणूस अभियंता असेल तर दुसऱ्या विभागात, गवंडी असेल तर सातव्या, क्रेनचालक असेल तर आठव्या आणि बिगारी असेल तर नवव्या विभागात जातो. ‘नोकरी’, ‘धंदा’, ‘मजुरी’, ‘कंपनीत’ ही उत्तरे म्हणूनच निरुपयोगी आहेत. स्वतः काय करतो आणि ते कुठल्या प्रकारच्या उद्योगात करतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात : सूतगिरणीत हिशेब लिहिणारा हा व्यवसायाने लेखनिक, पण त्याचा उद्योग सूतनिर्मितीचा. त्याच्या जोडीला आपण मालक, पगारी, एकट्याने काम करणारे की कुटुंबाच्या कामात बिनपगारी राबणारे, तेही सांगावे. पिढीजात व्यवसाय सांगू नये. कुंभाराच्या घरातील मुलगा मोबाइल दुरुस्ती करत असेल, तर तेच त्याचे काम. या वेळी जातीची नोंदही व्हायची असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागेल.

बीड, अहिल्यानगर भागातील ऊसतोड मजुरांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. गणना फेब्रुवारीत होते, तेव्हा ते कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतात. 2011 च्या नियमाप्रमाणे जो गणनेच्या संपूर्ण काळात घराबाहेर असतो, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाने नवरा-बायकोच्या एकूण जोड्या सांगून मोकळे होण्याऐवजी प्रत्येकाची, तोडणीला जाणाऱ्या स्त्रियांचीही, स्वतंत्र नोंद करून घ्यावी, आणि तोडणीचे महिने व गावी परतल्यावर केलेल्या मजुरीचे महिने एकत्र धरून वर्षाचे काम सांगावे.

या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरण्याची सोयही आहे. ती भरल्यावर मिळणारा ओळख क्रमांक जपून ठेवून प्रगणक, म्हणजे गणना करणारा कर्मचारी, घरी आल्यावर त्याला दाखवावा. प्रगणकाकडूनच माहिती भरून घेत असाल, तर त्याचे ओळखपत्र पाहावे आणि तो निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेले काम वाचून दाखवण्यास सांगावे.