पोलाद आणि रेल्वेच्या गावांतले फुटबॉल : अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक संघांची पार्श्वभूमी

अंडाकृती चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याचा जो खेळ अमेरिकेत फुटबॉल म्हणून ओळखला जातो, तो विद्यापीठांच्या मैदानांवर वाढला. येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन यांच्या सामन्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचंड गर्दी होत असे आणि खेळाडूंची नावे देशभर गाजत. मात्र हा मान हौशी खेळाडूचा होता. पैसे घेऊन खेळणे हे सभ्य माणसाचे काम नव्हे, अशी त्या काळच्या प्रतिष्ठित वर्गाची पक्की समजूत होती. त्यामुळे व्यावसायिक संघांचा उगम विद्यापीठांच्या आवारात शोधून सापडत नाही. तो पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो राज्यांतल्या कोळसा, पोलाद, रबर आणि रेल्वे यांच्यावर जगणाऱ्या गावांत सापडतो आणि त्याची सुरुवात बरीचशी लपवाछपवीची आहे.

१८८० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत सुखवस्तू मंडळींचे क्रीडा क्लब उभे राहिले होते. सभासद वाढवायचे तर क्लबाचा संघ जिंकायला हवा, जिंकायचे तर विद्यापीठातून बाहेर पडलेले नामवंत खेळाडू हवेत, आणि असे खेळाडू फुकट येत नाहीत, या साखळीतून पैशाचा शिरकाव झाला. हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेला रोख मोबदला चालत नसे, पण बक्षीस चालत असे. म्हणून काही क्लबांनी खेळाडूला सोन्याचे घड्याळ बक्षीस द्यायला सुरुवात केली. खेळाडूने ते गहाण ठेवून पैसे घ्यायचे, गहाणाची पावती क्लबाच्या माणसाला तेवढ्याच पैशांना विकायची, क्लबाने घड्याळ सोडवून आणायचे आणि पुढच्या सामन्यानंतर तेच पुन्हा त्याला सन्मानपूर्वक बहाल करायचे. प्रवासखर्च दुप्पट दाखवणे हा दुसरा मार्ग होता. नियमाचे अक्षर पाळून त्याचा अर्थ गुंडाळून ठेवण्याचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

उघड पुरावा सापडतो तो १२ नोव्हेंबर १८९२ या दिवसाचा. पिट्सबर्गजवळची अ‍ॅलिगेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशन आणि पिट्सबर्ग अ‍ॅथलेटिक क्लब हे शेजारी आणि हाडवैरी होते. त्यांच्या सामन्यासाठी अ‍ॅलिगेनीने येलचा माजी खेळाडू विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर याला आणले. तो त्या काळचा सर्वांत दरारा असलेला बचावफळी फोडणारा खेळाडू होता. आपला हौशी दर्जा धोक्यात घालायचा तर ५०० डॉलरहून कमी घेणार नाही, अशी त्याची अट होती असे सांगितले जाते. पिट्सबर्गच्या मंडळींनी त्याला मैदानावर पाहताच आरडाओरडा केला, पैजांवरून हुज्जत झाली आणि सामना उशिरा सुरू झाला. हेफेलफिंगरने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून टचडाउन केला, म्हणजे तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. तेव्हा टचडाउनला चारच गुण असत, आणि अ‍ॅलिगेनीने सामना ४-० असा जिंकला. क्लबाच्या हिशेबाच्या वहीत हेफेलफिंगरच्या नावे ५०० डॉलर रोख आणि प्रवासखर्चाचे २५ डॉलर अशी नोंद आहे, आणि सर्व खर्च वजा जाता क्लबाला ६२१ डॉलर उरल्याचेही त्याच वहीत दिसते. आठवडाभराने बेन डॉनेली या दुसऱ्या खेळाडूला २५० डॉलर देण्यात आले.

ही वही अभ्यासकांपुढे आली ती १९६० च्या दशकात. तोवर पहिल्या व्यावसायिक खेळाडूचा मान जॉन ब्रॅलियर याला दिला जात असे. सप्टेंबर १८९५ मध्ये लॅट्रोब या गावाच्या संघाकडून जेनेट गावाविरुद्ध खेळण्यासाठी त्याने दहा डॉलर आणि खर्च घेतला होता आणि ही गोष्ट त्याने कधी लपवली नाही. लॅट्रोबचा मान त्यामुळे अगदीच गेला असे नाही, कारण १८९७ मध्ये संपूर्ण हंगाम फक्त पगारी खेळाडूंना घेऊन खेळणारा पहिला संघ तोच ठरला. त्याआधी १८९६ मध्ये अ‍ॅलिगेनीने, हौशी संघटनेने दरवाजे बंद केल्यावर आता गमावण्यासारखे काही उरले नाही असा विचार करून, दोन सामन्यांपुरता पूर्ण पगारी संघ उभा केला होता. १९०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या दोन बेसबॉल क्लबांच्या मालकांनी पिट्सबर्गच्या एका संघाला सोबत घेऊन अमेरिकेतल्या आजच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेचे जे नाव आहे, त्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’ याच नावाचा एक डाव मांडून पाहिला. तो एका हंगामात आटोपला आणि आजच्या लीगशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

पैशाचा ओघ त्यानंतर ओहायोकडे वळला. मॅसिलॉन आणि कँटन ही गावे एकमेकांपासून जेमतेम तेरा किलोमीटरवर. १९०३ मध्ये मॅसिलॉन टायगर्स हा संघ उभा राहिला, १९०५ मध्ये कँटन बुलडॉग्ज पैसे घेऊन मैदानात उतरले, आणि जत्रेच्या फडात आपल्या गावचा म्हणून बाहेरचा नावाजलेला मल्ल उतरवावा तसे दोन्ही गावे खेळाडू आणू लागली. १९०६ च्या हंगामात मॅसिलॉनच्या पेगी पॅराटने व्यावसायिक सामन्यातला पहिला नोंदवलेला फॉरवर्ड पास टाकला. चेंडू पुढे फेकण्याची मुभा नियमांनी त्याच वर्षी दिली होती. परंतु त्या वर्षाची आठवण राहिली ती वेगळ्याच कारणाने. दोन्ही संघांत दोन सामने झाले, पहिला कँटनने आणि दुसरा मॅसिलॉनने जिंकला, आणि कँटनचा प्रशिक्षक ब्लाँडी वॉलेस याने निकाल विकण्याचा कट केला असा आरोप मॅसिलॉनकडून झाला. आरोप सिद्ध झाला नाही. तरीही पैजा लावणाऱ्या गावकऱ्यांचा विश्वास उडाला, खेळाडूंचे पगार थकले आणि कँटनमधले पैशाचे फुटबॉल काही वर्षे बसले. याच ओहायोत शेल्बी गावच्या संघाने १९०४ मध्ये चार्ल्स फॉलिस याच्याशी करार केला होता. कृष्णवर्णीय खेळाडूशी झालेला हा पहिला ज्ञात व्यावसायिक करार.

कँटनला पुन्हा उभे केले ते जॅक क्युसॅक या तरुण व्यवस्थापकाने. १९१५ मध्ये त्याने जिम थॉर्पला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले, तेव्हा त्याच्या हितचिंतकांनी दिवाळे निघेल असे बजावले होते. थॉर्प हा सॅक अँड फॉक्स या आदिवासी समाजाचा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्हींची सुवर्णपदके त्याने जिंकली होती आणि उमेदीच्या काळात बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले एवढ्यासाठी १९१३ मध्ये ती त्याच्याकडून काढून घेतली गेली होती. हौशीपणाच्या सोवळ्याने ज्याला बाहेर टाकले, तोच व्यावसायिक खेळाचा पहिला मोठा चेहरा ठरला. त्याच्या पहिल्याच सामन्यात मॅसिलॉनने कँटनला १६-० असे हरवले, पण प्रेक्षक काही हजारांच्या घरात आले आणि क्युसॅकचा हिशेब बरोबर निघाला.

गावाच्या वर्गणीवर चालणाऱ्या या संघांबरोबरच कारखान्यांच्या आधाराने वाढलेले संघही होते. कोलंबस पॅनहँडल्स हा पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या कामगारांचा संघ. त्यातले नेसर बंधू आठवडाभर बॉयलरच्या कामावर असत आणि रविवारी खेळत. जो कार हा त्यांचा व्यवस्थापक मोठा हिशेबी होता. रेल्वे कामगारांना प्रवास मोफत असल्यामुळे तो संघाला बहुतेक सामने परगावीच खेळायला नेई, म्हणजे प्रवासखर्चही नाही आणि मैदानाचे भाडेही नाही. इलिनॉयमधल्या डिकेटर गावी स्टेली या स्टार्च कंपनीने १९२० मध्ये जॉर्ज हॅलस याला नोकरीवर घेतले आणि संघ सोपवला. खेळाडूंना कारखान्यात काम होते आणि सरावासाठी कामाच्या वेळेतले दोन तास मिळत. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे इथे १९१९ मध्ये कर्ली लॅम्बोने आपल्या मालकांकडून, म्हणजे इंडियन पॅकिंग कंपनीकडून, पोशाख आणि साहित्यासाठी ५०० डॉलर मिळवले आणि संघाचे नाव पॅकर्स पडले. शिकागोच्या दक्षिण भागातला १८९८ सालचा मॉर्गन अ‍ॅथलेटिक क्लब मात्र निव्वळ मोहल्ल्याचा संघ होता. पुढे त्याच्यासाठी ख्रिस ओब्रायन याने शिकागो विद्यापीठाचे वापरून विटलेले जर्सी विकत घेतले आणि त्या फिक्या लाल रंगावरून संघाला कार्डिनल्स हे नाव मिळाले, असे सांगतात. आज अ‍ॅरिझोनात असलेला हाच संघ व्यावसायिक संघांत सर्वांत जुना आहे.

पहिल्या महायुद्धानंतर या सगळ्यांना एकच दुखणे सतावू लागले, आणि ते प्रतिस्पर्ध्याने नव्हे तर त्यांनी स्वतःच ओढवून घेतलेले होते. एकमेकांवर बोली लावून खेळाडूंचे दर त्यांनीच वाढवले होते; खेळाडू आज या संघात तर पुढच्या रविवारी त्या संघात दिसत; आणि विद्यापीठात शिकणारी मुले खोट्या नावाने खेळवली जात, त्यामुळे विद्यापीठे आणि वृत्तपत्रे तुटून पडत. म्हणून २० ऑगस्ट १९२० रोजी अ‍ॅक्रन, कँटन, क्लीव्हलँड आणि डेटन या ओहायोतल्या चार संघांचे प्रतिनिधी कँटनमध्ये जमले. १७ सप्टेंबरला बुलडॉग्जचा मालक रॅल्फ हे याच्या हपमोबिल मोटारींच्या दालनात मोठी बैठक झाली. कचेरीत सगळे मावेनात, म्हणून मंडळी विक्रीला ठेवलेल्या मोटारींच्या पायऱ्यांवर आणि मडगार्डांवर बसली. अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, नावाचे वजन पडावे म्हणून थॉर्पला अध्यक्ष केले गेले आणि प्रत्येक संघाने १०० डॉलर प्रवेश फी द्यावी असे जाहीर झाले. ती फी कोणी भरल्याचे हॅलसला पुढे आठवत नव्हते.

पहिल्या हंगामात एकूण १४ संघ खेळले. ठरलेले वेळापत्रक नव्हते आणि संघटनेबाहेरच्या संघांशीही सामने होत. एकही सामना न हरलेल्या अ‍ॅक्रन प्रोज संघाला विजेतेपद मिळाले तेही मैदानावर नव्हे, तर एप्रिल १९२१ मधल्या बैठकीत मतदानाने. या संघाचा आधारस्तंभ फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि १९२१ मध्ये त्याने प्रशिक्षकपदही सांभाळले. हा दरवाजा फार काळ उघडा राहिला नाही. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

१९२१ मध्ये अध्यक्षपद जो कार याच्याकडे आले आणि संघटनेला धनी मिळाला. १९२२ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग हे नाव घेतले गेले. विद्यार्थ्यांना खोट्या नावाने खेळवल्याबद्दल कारने ग्रीन बेचा परवाना काढून घेतला, जो लॅम्बोने धडपड करून पुन्हा मिळवला. १९२५ मध्ये पॉट्सव्हिल या कोळसा खाणींच्या गावच्या मरून्स संघाने कार्डिनल्सना हरवले, पण पाठोपाठ फ्रँकफर्ड संघाच्या हद्दीत, फिलाडेल्फियात, परवानगीविना सामना खेळल्याबद्दल तो निलंबित झाला आणि विजेतेपद कार्डिनल्सच्या नावे गेले. पॉट्सव्हिलच्या लोकांनी हा निर्णय कधीच मान्य केला नाही. माझ्या मते शिक्षा कठोर असली तरी लीगचे अस्तित्व ज्या एका गोष्टीवर टिकून होते, तीच इथे पणाला लागली होती : दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही.

त्याच वर्षी लीगचा तोल छोट्या गावांकडून शहरांकडे झुकला. डिकेटरचा संघ १९२१ मध्येच शिकागोला गेला होता आणि पुढच्या वर्षी बेअर्स झाला होता. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज हा देशातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू शेवटचा विद्यापीठीय सामना संपताच हॅलसच्या संघात आला. २६ नोव्हेंबर १९२५ रोजी शिकागोत त्याला पाहायला ३६ हजार लोक आले, आणि दहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये साठ हजारांहून अधिक. न्यूयॉर्क जायंट्स हा त्याच वर्षी सुरू झालेला संघ तोवर तोट्यात होता, आणि त्या एका दिवसाच्या तिकीटविक्रीने त्याला तारले. एवढी गर्दी ज्या शहरात जमू शकते, तिथल्या मालकाला दोन-तीन हजार प्रेक्षकांच्या गावी जाऊन खेळणे परवडेनासे झाले.

१९२६ मध्ये लीगमध्ये २२ संघ होते, १९२७ मध्ये १२ उरले आणि महामंदीच्या १९३२ साली केवळ आठ. कँटन बुलडॉग्ज १९२६ नंतर लीगमधून गेले, डेटनची जागा १९३० मध्ये ब्रुकलिनने विकत घेतली आणि ओहायोतल्या पोर्ट्समथचा संघ १९३४ मध्ये डेट्रॉइटला नेण्यात आला. १९२० च्या सभासदांपैकी कार्डिनल्स आणि बेअर्स हे दोनच संघ आज शिल्लक आहेत. छोट्या गावांपैकी टिकले ते १९२१ मध्ये आलेले ग्रीन बे, आणि त्यामागे मालकीची वेगळी व्यवस्था होती. १९२३ मध्ये संघ अडचणीत आला तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी पाच डॉलरचा एक याप्रमाणे भागभांडवल उभे केले. या भागांवर लाभांश मिळत नाही. त्यामुळे संघ विकून नफा कमावू शकेल असा एकटा मालक तिथे कधी तयारच झाला नाही, आणि १९२९ ते १९३१ अशी सलग तीन विजेतेपदे सुमारे सदतीस हजार वस्तीच्या त्या गावाने मिळवली.