नदी तळाला, रस्ते पाण्यात: नॉम पेन्हमधल्या सुरुवातीच्या पावसाची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या मध्याला नैऋत्य मोसमी वारे इंडोचायनात पोहोचतात, केरळच्या किनाऱ्यावर दाखल होण्याच्या काही दिवस आधीच. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह तोवर उन्हाने होरपळलेली असते. दुपारी ढग भरून येतात, तास-दीड तास पाऊस झोडपतो आणि संध्याकाळपर्यंत सखल रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. मोटारसायकली बंद पडतात, टुकटुकवाले गाड्या ढकलत नेतात, दुकानदार उंबऱ्याशी वाळूची पोती लावतात. बातमीत याला ‘पूर’ म्हणतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटते की नदी फुगली असणार. पण त्या दिवसांत नदी काठाच्या कितीतरी खाली असते. मेकाँगचे पाणी एप्रिलच्या सुमारास सर्वांत कमी असते, ते जूनपासून चढू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरते. या दोन पातळ्यांत साधारण सात मीटरचा फरक पडतो. त्यामुळे मे-जूनमध्ये रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्याचा दोष मेकाँगच्या माथी मारता येत नाही. ते शहरावरच पडलेले पाणी असते आणि त्याला थांबायला जागा उरलेली नाही. ही जागा कशी गेली, हाच या पुराचा खरा इतिहास आहे.

नॉम पेन्ह चार प्रवाहांच्या चौकात वसले आहे: वरून येणारी मेकाँग, वायव्येकडून येणारी तोनले साप, आणि पुढे समुद्राकडे निघालेल्या खालची मेकाँग व बसाक. ख्मेर, म्हणजे कंबोडियातले बहुसंख्य लोक, या जागेला चाक्तोमुक, म्हणजे चतुर्मुख म्हणतात. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की तोनले सापचा प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी मागे, त्याच नावाच्या विशाल सरोवरात शिरते. कोरड्या दिवसांत अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचे ते सरोवर पावसाळ्याअखेर चार-पाच पटींनी पसरते. नोव्हेंबरच्या आसपास प्रवाह पुन्हा सरळ होतो, तेव्हा शहरात होड्यांच्या शर्यतींचा जलोत्सव भरतो. शहराच्या जन्मकथेतही पूरच आहे. 1372 मध्ये पेन्ह नावाच्या आजीबाईला पुरात वाहत आलेल्या झाडाच्या खोडात बुद्धमूर्ती सापडल्या, तिने भर घालून टेकडी उंच केली आणि वर मंदिर बांधले, अशी ती कथा. वाट नॉमची ती 27 मीटरची टेकडी आजही शहराच्या उत्तर भागात उभी आहे.

इथल्या जमिनीचा उतार नीट लक्षात घ्यायला हवा. पुरामागून पूर येऊन गाळ साचला, त्यामुळे नदीचा काठच सर्वांत उंच. काठापासून मागे, पश्चिमेकडे जावे तशी जमीन खाली उतरते. या खोलगट भागात पूर्वी दलदल आणि तळी होती. जुनी वस्ती काठाच्या अरुंद, उंच पट्ट्यावर राहायची आणि पाऊस मागच्या तळ्यांत उतरायचा. पाण्याची आणि माणसांची जागा वेगळी होती.

1866 मध्ये राजा नोरोदोमच्या काळात राजधानी इथे आली. फ्रेंचांनी 1890 च्या दशकात आपल्या वसाहतीभोवती कालवा खणला आणि निघालेल्या मातीने दलदल बुजवली. पुढे तो कालवाही बुजवला. जुन्या रेल्वे स्थानकासमोरून नदीपर्यंत जाणारी लांबट बाग म्हणजे त्याचाच एक भाग. 1937 मध्ये उघडलेली, पिवळ्या घुमटाची प्रसिद्ध मध्यवर्ती बाजारपेठ एका तळ्याच्या जागी उभी आहे. पावसाचे पाणी त्या तळ्यात गोळा होत असे. आजही जोराचा पाऊस झाला की त्या बाजाराभोवतीच पाणी साचते. ऐंशी-नव्वद वर्षे झाली तरी पाणी आपली जागा विसरलेले नाही.

शहर पश्चिमेला आणि दक्षिणेला वाढत गेले ते बांधांच्या आधाराने. आधी एक बांध घालायचा, आतली जमीन भरून वसाहत करायची, मग त्याच्याबाहेर दुसरा बांध. आजचे माओ त्से तुंग बुलेवार्ड आणि 271 क्रमांकाचा रस्ता अशा बांधांवरूनच गेले आहेत. या बांधांनी नदीचे पाणी बाहेर ठेवले, हे खरेच. पण त्यामुळे शहर परातीसारखे झाले. बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आत पडलेले बाहेरही जात नाही. ते गटारांतून उघड्या नाल्यांत, नाल्यांतून दक्षिणेच्या पंपांपर्यंत आणि पंपांनी उपसून बांधापलीकडच्या पाणथळीत, असा प्रवास करते. या साखळीतली एक कडी जरी अडखळली तरी मागचे रस्ते भरतात.

हे सगळे नीट समजलेला एक माणूस नॉम पेन्हला मिळाला होता. स्वातंत्र्यानंतरच्या काळातले स्थापत्यकार वान मोलिवान (1926–2017). 1964 मध्ये पूर्ण झालेले ऑलिम्पिक स्टेडियम बांधताना त्यांनी भोवती मोठे खंदक खणले. निघालेल्या मातीतून प्रेक्षकांच्या बैठकांचा उंचवटा तयार झाला आणि खंदकांत परिसराचे पावसाचे पाणी उतरू लागले. भराव हवा म्हणून खणायचे आणि खणले म्हणून पाण्याला जागा द्यायची, इतका साधा हिशेब. माझ्या मते या शहरातली ती सर्वांत शहाणी वास्तू आहे. 2000 नंतर तो परिसर खासगी विकासकाच्या हाती गेला, खंदकांच्या जागी इमारती आल्या आणि आसपासच्या गल्ल्यांत पाणी साचू लागले. मोलिवान शेवटपर्यंत हे पाहत होते.

मधल्या काळात 17 एप्रिल 1975 रोजी ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेने सत्ता बळकावून अख्खे शहर रिकामे केले. पावणेचार वर्षे गटारांकडे कोणी पाहिले नाही. 1979 पासून लोक परतले तेव्हा गटारे गाळाने भरलेली होती आणि ती चालवणारे बहुतेक कर्मचारी उरले नव्हते. सावरायला दोन दशके गेली. 1999 मध्ये जपानच्या ‘जायका’ या संस्थेने पाण्याचा निचरा आणि पूरनियंत्रण यांचा बृहद् आराखडा केला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने पंपगृहे, मोठ्या वाहिन्या आणि नदीकाठच्या भागात भूमिगत साठवण झाली. कामे चांगली झाली, फायदाही दिसला. पण एका हाताने नळ टाकले जात असताना दुसऱ्या हाताने तळी विकली जात होती.

त्यातले सर्वांत गाजलेले बोएंग काक, शहराच्या उत्तर भागातले सुमारे 90 हेक्टरचे तळे. 2007 मध्ये तळे आणि भोवतालची जमीन, मिळून 133 हेक्टर, एका खासगी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. ऑगस्ट 2008 मध्ये नदीतून उपसलेली वाळू पाण्यासकट नळांतून तळ्यात सोडायला सुरुवात झाली. वाळू वाढली तसे तळ्याचे पाणी काठावरच्या घरांत शिरले. लाकडी खांबांवरच्या घरांमध्ये चिखल साचला. सुमारे 4,000 कुटुंबांना जागा सोडावी लागली. विरोध उभा केला तो मुख्यतः बायकांनी. मे 2012 मध्ये त्यांच्यातल्या 13 जणींना तुरुंगात टाकले गेले, महिनाभराने सुटका झाली. त्यांच्यातल्या तेप वान्नी यांना पुढे 2016 ते 2018 अशी दोन वर्षे पुन्हा तुरुंगात काढावी लागली. जागतिक बँकेने 2011 मध्ये कंबोडियाला नवी कर्जे देणे थांबवल्यावर सरकारने उरलेल्या कुटुंबांसाठी 12.44 हेक्टर जागा सोडली. कुटुंबांना थोडा न्याय मिळाला, पण तळे गेले ते गेलेच.

दक्षिणेची बोएंग तोंपुन आणि चेउंग एक ही पाणथळ शहराच्या दृष्टीने त्याहून मोलाची. नॉम पेन्हचे पावसाचे आणि सांडपाणी एकाच गटारातून वाहते आणि त्यातले सुमारे 70 टक्के इथे येते. पाण्यावर बांबूच्या आधाराने नाळीच्या भाजीचे तरंगते वाफे असतात. शेतकरी पहाटे छोट्या होडीतून फिरतात, कंबरभर पाण्यात उतरून देठ कापतात, जुड्या बांधतात आणि सकाळी ती भाजी शहराच्या बाजारात जाते. हीच भाजी आणि भोवतालच्या पाणवनस्पती मैल्यातली पोषकद्रव्ये शोषतात आणि थोडे निवळलेले पाणी पुढे बसाक नदीकडे जाते. कितीतरी वर्षे शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याची हीच काय ती व्यवस्था होती, तीही फुकटात. त्या पाणथळीत आता नदीची वाळू ओतून नवे उपनगर उभे राहत आहे. जुलै 2020 मध्ये कंबोडियातल्या चार नागरी संस्थांनी अहवालातून इशारा दिला की या भरावामुळे दहा लाखांहून अधिक लोकांना पुराचा धोका वाढेल आणि हजारभर कुटुंबांना घर सोडावे लागू शकते. 2019 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या वर गेली होती, म्हणजे हा धोका जवळपास निम्म्या शहराचा आहे.

प्रशासन दरवर्षी गटारांतल्या प्लॅस्टिककडे बोट दाखवते. त्यात तथ्य आहे. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस बराच कमी असतो, सहा महिन्यांचा कचरा आणि बांधकामांची वाळू गटारांत बसते आणि पहिली मोठी सर ती सगळी एकदम जाळ्यांवर आणून लोटते. म्हणूनच सुरुवातीचा पाऊस कमी असूनही जास्त त्रास देतो. पण कचरा काढता येतो आणि दरवर्षी काढलाही जातो. बुजलेले तळे पुन्हा खणणे तितके सोपे नाही. शहरातली निम्म्याहून अधिक तळी आता पूर्ण बुजलेली आहेत.

सध्या भांडण चालले आहे ते उत्तरेच्या बोएंग तामोकवरून. सुमारे 3,200 हेक्टरचे हे शहर परिसरातले सर्वांत मोठे तळे. 2016 मध्ये सरकारने ते सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केले, त्याची हद्द आखली. त्यानंतर एकेका आदेशाने त्याचे तुकडे कधी सरकारी खात्यांना, कधी खासगी व्यक्तींना देण्यात आले आणि काठावरची मासेमारी करणारी कुटुंबे आपल्या घरांच्या हक्कासाठी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत आहेत. वायव्येकडच्या नव्या वसाहतींचे पाणी याच तळ्याकडे उतरते.